पाहुण्याची वाट

इंग्लंडमधील एखाद्या लहानशा गावातील उन्हाळ्याची रात्र. त्या देशात जून महिन्यात रात्री दहा वाजेपर्यंत आकाशात उजेड रेंगाळत असतो. तो मावळला, की घरामागच्या बागेतील पालापाचोळा खसखसू लागतो. फुसफुस असा आवाज येतो आणि कुंपणाच्या कडेने एक तपकिरी गोळा हलताना दिसतो. टोकदार नाक, इवलेसे डोळे, आखूड पाय आणि पाठभर काटे. घरातील माणसे दिवा मालवून खिडकीशी जमतात. मुले श्वास रोखून पाहतात. मग कोणीतरी स्वयंपाकघरात जाते, बशीत दूध ओतते, त्यात पाव कुस्करते आणि ती बशी हलकेच बाहेर ठेवते. पाहुणा बशी चाटूनपुसून स्वच्छ करतो आणि आल्या वाटेने निघून जातो. पाहुणचार केल्याचे समाधान उराशी धरून घर झोपी जाते.

ब्रिटनमध्ये हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहे. त्या बशीमागचा जिव्हाळा खरा आहे, याविषयी कोणी शंका घेणार नाही. परंतु त्या प्राण्याला दूध पचत नाही. दुधातील साखर पचवण्याची शक्ती त्याच्या आतड्यात नसते. दूध प्याल्यावर त्याला हगवण लागते, अंगातील पाणी कमी होते आणि पिल्लू किंवा अशक्त प्राणी असेल तर तो दगावतोही. प्रेमाने ठेवलेली बशी अशी कित्येकदा विषाचे काम करून जाते. मुक्या प्राण्याला मदत करावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्या सर्वांनी या बशीकडे नीट पाहिले पाहिजे.

हा प्राणी कोणता, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. इंग्रजीत त्याला ‘हेजहॉग’ म्हणतात. ‘हेज’ म्हणजे झुडपांचे कुंपण आणि ‘हॉग’ म्हणजे डुक्कर. कुंपणाच्या आश्रयाने राहणारा, डुकरासारखे नाक जमिनीत खुपसून अन्न शोधणारा म्हणून हे नाव पडले. संस्कृतात त्याला ‘जाहक’ असे नाव आहे. काटे पाहून अनेकांना तो साळिंदराचे पिल्लू वाटतो. परंतु दोघांचे नाते नाही. साळिंदर हा कुरतडणारा, कंदमुळे खाणारा, दहा-पंधरा किलो वजनाचा प्राणी आहे. हेजहॉग मात्र वीतभर लांबीचा, बहुधा एक किलोच्या आतबाहेर वजनाचा, भुंगेरे, सुरवंट, गांडुळे व गोगलगायी खाणारा निशाचर आहे. प्रौढ हेजहॉगच्या पाठीवर पाच ते सात हजार काटे असतात. संकट आले की तो पळत नाही. पोटाकडे डोके व पाय ओढून घेतो आणि काट्यांचा चेंडू होऊन पडून राहतो. कोल्ह्यासारख्या शत्रूपुढे ही युक्ती बहुधा चालते. भरधाव मोटारीपुढे ती चालत नाही.

माणसाचे या प्राण्याशी असलेले नाते नेहमीच प्रेमाचे नव्हते. हेजहॉग रात्री गोठ्यात शिरतो आणि बसलेल्या गाईचे दूध पितो, अशी समजूत एकेकाळी इंग्लंडमध्ये सर्वत्र पसरली होती. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजवटीत, १५६६ साली, शेतमालाच्या रक्षणासाठी एक कायदा झाला. उपद्रवी ठरवलेल्या प्राणी-पक्ष्यांच्या यादीत या गरीब किडेखाऊ प्राण्याचेही नाव घालण्यात आले आणि मारलेल्या प्रत्येक हेजहॉगमागे दोन पेन्स बक्षीस ठरले. त्या बक्षिसापायी असंख्य हेजहॉग मारले गेले. पुढे काळ बदलला. १९०५ साली बीट्रिक्स पॉटर या लेखिकेने ‘मिसेस टिगी-विंकल’ नावाची, कपडे धुऊन इस्त्री करणारी एक प्रेमळ हेजहॉग परटीण आपल्या बालकथेत रंगवली आणि ती ब्रिटनमधील घराघरांत पोहोचली. आज बकिंगहॅमशरमधील वन्यजीवांच्या एका प्रसिद्ध रुग्णालयाला तिचेच नाव आहे.

या दोन काळांत केवढे अंतर पडले! पूर्वीची माणसे त्याला शत्रू मानत होती, नंतरची मित्र मानू लागली. तरीही एक विलक्षण गोष्ट तशीच राहिली. तो दूध पितो म्हणून पूर्वीच्यांनी त्याला मारले आणि त्याला दूध हवे असते असे समजून नंतरच्यांनी त्याच्यापुढे दूध ठेवले. राग गेला, त्या जागी प्रेम आले. अज्ञान मात्र जागचे हलले नाही. भावना बदलली म्हणजे वागणूक आपोआप योग्य होते, असे मानणे किती चुकीचे आहे, हे या एका उदाहरणावरून दिसून येते. दयेला जाणतेपणाची जोड नसेल, तर ज्याच्यावर दया करावी त्याचे दुःख तिने कमी होत नाही. दया करणाऱ्याचे मन तेवढे हलके होते.

मग बागेत आलेल्या या पाहुण्यासाठी काय करावे? जाणकारांचे उत्तर अगदी साधे आहे. उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवावे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते तेव्हा पाण्याइतकी मोलाची मदत दुसरी नाही. खाणे द्यायचेच असेल तर कुत्र्या-मांजरांसाठी मिळणारे मांसयुक्त खाद्य थोडेसे द्यावे. पक्ष्यांसाठी मिळणाऱ्या वाळवलेल्या अळ्या त्याला फार आवडतात, पण त्यांत चुन्याचा अंश कमी असल्याने त्या सतत खाल्ल्यास त्याची हाडे ठिसूळ होतात. एखाद्याला आवडते ते त्याच्या हिताचे असतेच असे नाही, हा नियम लेकरांप्रमाणे प्राण्यांनाही लागू आहे. भांडी रोज धुवावीत, कारण एकाच भांड्यात अनेक प्राण्यांनी तोंड घातले की रोग पसरतात. बागेत एका कोपऱ्यात पाने, काटक्या व ओंडके तसेच पडू द्यावेत. तेथे किडे वाढतात, म्हणजे अन्न तयार होते. आणि तेथेच त्याला घर करता येते.

या यादीत खर्चाचे असे काही नाही. उलट बऱ्याच गोष्टी न करण्याच्या आहेत. गवत सरसकट कापू नये. कापण्यापूर्वी खाली कोणी झोपले आहे का ते पाहावे. हेजहॉग दिवसा उंच गवतात झोपतो आणि यंत्राचा आवाज ऐकून पळण्याऐवजी अंग आक्रसून घेतो. दरवर्षी ५ नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये होळीसारख्या शेकोट्या पेटवण्याची प्रथा आहे. आठवडाभर आधी रचून ठेवलेला लाकडांचा ढीग म्हणजे थंडीसाठी घर शोधणाऱ्या या प्राण्याला आयता निवारा वाटतो. म्हणून ढीग पेटवण्याच्या दिवशीच रचावा किंवा पेटवण्यापूर्वी हलवून पाहावा, असे आवाहन तेथे दरवर्षी केले जाते. गोगलगायी मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्यांवर ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ सालापासून उघड्यावरील वापरासाठी बंदी आहे. ज्या बागेत हेजहॉग येतो, तेथे गोगलगायींचा एक शिकारी आधीच कामाला असतो, हे माळ्याने लक्षात ठेवले तर विषाची गरज मुळातच कमी होते.

मदतीचा खरा कस हिवाळ्यात लागतो. थंडी पडू लागली की किडे दिसेनासे होतात. अन्नच नाही म्हटल्यावर हेजहॉग पाने गोळा करून घरटे बांधतो आणि साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात शीतनिद्रेत जातो. ही नेहमीची झोप नव्हे. जागेपणी मिनिटाला सुमारे १९० वेळा धडधडणारे हृदय या काळात केवळ २० वेळा चालते. शरीर गार पडते, श्वास जवळजवळ जाणवत नाही. उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर हा जीव पुढचे काही महिने तगून राहतो. ही झोप निभावून नेण्यासाठी त्याचे वजन किमान साडेचारशे ते सहाशे ग्रॅम असावे लागते, असे जाणकार मानतात. अशा वेळी तो गारठून मेला की काय, या कळवळ्याने त्याला उचलून घरातील शेकोटीपाशी आणणे म्हणजे त्याची तुटपुंजी शिदोरी हिसकावून घेणे होय. कारण जागे होण्यासाठीच त्याची पुष्कळ चरबी खर्च होते. घरट्यात स्वस्थ झोपलेल्याला झोपू द्यावे, हीच त्याची सेवा.

याउलट, भर दिवसा उघड्यावर निपचित पडलेला हेजहॉग दिसला, तर तो ऊन खात आहे असे समजून पुढे जाणे चुकीचे ठरते. निशाचर प्राणी दिवसा उघड्यावर लोळत नाही. तो बहुधा आजारी, जखमी किंवा गारठलेला असतो. अशा वेळी जाड हातमोजे घालून त्याला उंच कडांच्या खोक्यात ठेवावे, टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून ऊब द्यावी आणि विलंब न करता वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्यांना कळवावे. मात्र दिवसाउजेडी तरातरा चालणारी, तोंडात पाने घेऊन जाणारी मादी दिसली, तर ती घरटे सावरणारी आई असू शकते. तिला उचलून नेले तर मागे तिची पिल्ले उपाशी मरतील. पिल्ले असलेले घरटे उघडून पाहण्याचे कुतूहलही आवरले पाहिजे; भेदरलेली आई पिल्लांना टाकून जाते, क्वचित मारूनही टाकते.

एकाच प्राण्याला एका प्रसंगी हात लावणे आवश्यक, तर दुसऱ्या प्रसंगी हात लावणे घातक. हा भेद कशावरून करायचा? नुसत्या कळवळ्यावरून तो करता येत नाही. त्यासाठी त्या प्राण्याचा दिवस, त्याची रात्र, त्याचा हिवाळा, त्याचा संसार माहीत असावा लागतो. दया ही जन्मजात असते असे म्हणतात. पण दया कशी करावी, हे मात्र शिकावेच लागते.

येथे एक आक्षेप घेतला जातो. वन्य प्राण्याला मदत करावीच कशाला? जगणे आणि मरणे हा निसर्गाचा क्रम आहे. त्यात माणसाने ढवळाढवळ करू नये, असे काही जण म्हणतात. हा विचार वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो. परंतु माणसाने ढवळाढवळ केव्हाच करून ठेवलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये शेती यंत्राने होऊ लागली. मोठी यंत्रे फिरावीत म्हणून लहान शेते एकत्र केली गेली आणि हजारो मैल लांबीची झुडपांची कुंपणे उखडली गेली. ज्या ‘हेज’वरून या प्राण्याला नाव मिळाले, ती हेजच त्याच्या पायाखालून काढून घेतली गेली. कीटकनाशकांनी किडे मारले, म्हणजे त्याचे ताट रिकामे केले. रस्त्यांनी त्याच्या वाटा कापल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, २००० सालापासूनच्या काळात ब्रिटनच्या ग्रामीण भागांतील हेजहॉगची संख्या ठिकठिकाणी ३० ते ७५ टक्क्यांनी घटली. २०२० साली ब्रिटनमधील सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली आणि २०२४ साली जागतिक लाल यादीनेही पश्चिम युरोपातील या हेजहॉगला ‘संकटसमीप’ ठरवले. माणसाने केलेल्या हानीला निसर्गक्रम म्हणणे हे शहाणपण नव्हे. ती जबाबदारी टाळण्याची एक सोईस्कर वाट आहे.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की त्याच पाहणीत शहरांतील हेजहॉगची स्थिती काहीशी सावरत असल्याचे आढळले. शेतांनी हाकललेल्या या प्राण्याला घरामागच्या बागांनी आसरा दिला होता. परंतु एक बाग त्याला पुरत नाही. अन्नाच्या व जोडीदाराच्या शोधात हेजहॉग एका रात्रीत दीड-दोन किलोमीटर चालतो. प्रत्येक बागेला लाकडी फळ्यांचे किंवा विटांचे अभेद्य कुंपण असेल, तर हिरवीगार बाग त्याच्यासाठी तुरुंग तरी ठरते किंवा बंद दरवाजा तरी. हे ध्यानी घेऊन तेथील दोन संस्थांनी २०११ साली एक मोहीम सुरू केली. तिचा संदेश एका ओळीत सांगता येतो: कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटर लांब व १३ सेंटिमीटर रुंद एवढे भोक ठेवा आणि शेजाऱ्यालाही ठेवायला सांगा. अर्ध्या वितीहून थोडेसे मोठे हे भोक. पाळीव कुत्री त्यातून सहसा जाऊ शकत नाहीत, कुंपणाला बाध येत नाही. पण ओळीने दहा घरांनी ते ठेवले तर दहा बागांचे एक रान होते.

या उपायाचे महत्त्व केवळ व्यावहारिक नाही. बशीभर दूध हे एका घराचे एका प्राण्याशी नाते जोडते. कुंपणातील भोक हे शेजाऱ्याचे शेजाऱ्याशी नाते जोडते. दूध ठेवण्यासाठी कोणाशी बोलावे लागत नाही. भोक पाडायचे तर शेजाऱ्याच्या दारी जावे लागते, त्याला समजावून सांगावे लागते, दोघांच्या हद्दीवर दोघांची संमती मिळवावी लागते. शिवाय बशी ठेवणाऱ्याला पाहुणा आल्याचे दिसते आणि समाधान मिळते. भोक पाडणाऱ्याला मात्र आपल्या बागेतून रात्री कोण गेले, हे कदाचित कधीच कळत नाही. आभाराची अपेक्षा न ठेवता दुसऱ्याची वाट मोकळी करणे, हा मदतीचा अधिक प्रौढ प्रकार आहे.

अशीच एक वाट एका माणसाने मोकळी केली होती. ब्रिटनमध्ये गुरे रस्त्याने बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडवा खड्डा खणून त्यावर लोखंडी दांडे बसवतात. दांड्यांच्या फटींतून खाली पडलेल्या हेजहॉगला वर येता येत नसे. श्रॉपशर परगण्यातील मेजर एड्रियन कोल्स या लोकप्रतिनिधींनी अशा खड्ड्यात अडकलेला एक हेजहॉग पाहिला. त्यांनी त्या एका प्राण्याला वर काढले आणि तेवढ्यावर न थांबता खड्ड्यांत उतरती फळी किंवा घसरण बांधली जावी म्हणून पाठपुरावा केला. त्यातूनच १९८२ साली हेजहॉगच्या रक्षणासाठी ब्रिटनमधील संस्था स्थापन झाली. एकाला वर काढणे हे दयेचे काम होते. पुन्हा कोणी पडून अडकू नये अशी व्यवस्था करणे हे दयेबरोबर विचाराचेही काम होते.

विचार सुटला म्हणजे काय होते, याची उदाहरणेही याच प्राण्याच्या इतिहासात आहेत. स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या साउथ युइस्ट या बेटावर १९७४ साली कोणीतरी बागेतील गोगलगायी खाण्यासाठी काही हेजहॉग आणून सोडले. तेथे त्यांना शत्रू नव्हता. त्यांची संख्या हजारोंवर गेली आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांची अंडी ते फस्त करू लागले. पक्षी वाचवण्यासाठी २००३ साली सरकारी यंत्रणेने हेजहॉग मारण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यांना उचलून मुख्य भूमीवर सोडले तर ते हाल होऊन मरतील, त्यापेक्षा मारणे बरे, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. प्राणिप्रेमींनी आरडाओरडा केलाच; पण त्याबरोबर, हलवलेले हेजहॉग नव्या जागी खरोखर जगतात की नाही, याचा अभ्यासही झाला. ते जगू शकतात असे दिसून आले आणि २००७ साली मारणे थांबवून त्यांना मुख्य भूमीवर नेण्यास सुरुवात झाली. न्यूझीलंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश वसाहतकारांनी मायदेशाची आठवण म्हणून नेलेला हाच प्राणी आज तेथील पक्ष्यांचा व कीटकांचा शत्रू मानला जातो. प्राणी तोच, त्याची भूकही तीच; बदलली ती केवळ जागा. म्हणूनच वन्य प्राण्याचे हित त्याच्या जागेपासून वेगळे काढता येत नाही. त्याला त्याच्या जागी, त्याच्या रीतीने जगू देणे ही मदतीची पहिली अट आहे.

हा प्राणी घरी पाळावा असे वाटणाऱ्यांनीही ही अट लक्षात घ्यावी. रात्री दोन किलोमीटर चालणाऱ्या जिवाला हातभर पिंजऱ्यात ठेवणे हे प्रेमाचे लक्षण मानता येणार नाही. पाहुणा आपल्या इच्छेने येतो आणि आपल्या इच्छेने जातो, यातच त्याचे पाहुणेपण आहे. जाणाऱ्याची वाट अडवली की त्याचा कैदी होतो.

भारतातील वाचकाला हे सारे परक्या मुलुखातील वाटेल. पण ते तितकेसे परके नाही. हेजहॉगच्या काही जाती आपल्या देशातही आहेत. राजस्थान व गुजरातच्या कोरड्या माळांवर आणि दक्षिणेत तमिळनाडू व आंध्र प्रदेशातील काटेरी झुडपांच्या रानांत ते आढळतात. रात्री रस्ता ओलांडताना वाहनाखाली सापडणे हे त्यांच्याही नशिबी आहे. परंतु त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्यांच्यासाठी बशी ठेवणारेही नाहीत आणि वाट ठेवणारेही नाहीत.

आणि बशीभर दुधाची चूक तर आपल्या चांगलीच ओळखीची आहे. नागपंचमीला नागापुढे दुधाची वाटी ठेवण्याची रीत महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. नाग हा मांस खाणारा प्राणी; दूध हा त्याचा आहार नव्हे. गारुड्याच्या टोपलीत तहानेने व्याकूळ ठेवलेला नाग समोर आलेले दूध पितो, ते केवळ तहान भागवण्यासाठी, आणि पुढे त्यानेच आजारी पडतो. भाविकाच्या मनात श्रद्धा असते, हे खरे. पण भोगावे लागते ते नागाला. घाटातील वळणांवर थांबून माकडांपुढे वेफर व बिस्किटे टाकणारे प्रवासीही असेच. त्या माकडांना रस्त्याची चटक लागते, ती मोटारींखाली सापडतात, माणसांच्या अंगावर येतात आणि मग तीच माणसे त्यांना उपद्रवी ठरवतात.

जाणतेपणाची उदाहरणेही दूर शोधावी लागत नाहीत. पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात ऊसतोडणीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. पिल्ले पोरकी आहेत असे समजून त्यांना उचलून नेले, तर ती खरोखरच पोरकी होतात. म्हणून अनुभवातून शिकलेले वनकर्मचारी व गावकरी ती पिल्ले तपासून, सापडली त्याच जागेजवळ ठेवतात आणि दूर होतात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. त्या रात्री माणसांनी केलेली मदत म्हणजे दूर राहणे. त्याच परिसरात कठडा नसलेल्या विहिरीत पडलेल्या बिबट्याला वर येता यावे म्हणून दोरांनी बाज किंवा शिडी सोडल्याचे प्रसंगही अनेकदा घडले आहेत. ती बाज म्हणजे जणू श्रॉपशरच्या खड्ड्यातील फळीच होय. आता प्रत्येक विहिरीला कठडा बांधला जाणे एवढेच उरले आहे.

माणसांचेच प्रश्न सुटलेले नसताना एका काटेरी जिवाची एवढी काळजी कशाला, असाही प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु मदतीची रीत शिकण्यासाठी हा लहानसा प्राणी उत्तम शिक्षक आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याची गरज काय हे त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहूनच ओळखावे लागते. तो आभार मानत नाही, म्हणून मदत निरपेक्षच राहते. तो आपल्या मर्जीप्रमाणे वागत नाही, म्हणून दुसऱ्याचे स्वातंत्र्य मान्य करूनच त्याला साहाय्य करावे लागते. माणसांच्या बाबतीतही अनेकदा गरज न विचारता देणे, देऊन उपकार मोजणे आणि दिल्यावर हुकूम चालवणे या तीनच चुका होत असतात. ज्याला एका हेजहॉगला नीट मदत करता आली, त्याला गरजू शेजाऱ्यालाही त्याचा मान राखून मदत करता येईल, अशी आशा बाळगायला हरकत नाही.

दुधाची बशी उचलून घ्यावी आणि तेथे स्वच्छ पाण्याचे भांडे ठेवावे. कोपऱ्यातील पाने झाडून टाकू नयेत. कुंपणात एक लहानशी वाट मोकळी ठेवावी आणि त्याविषयी शेजाऱ्याशी बोलावे. मग दिवा मालवून वाट पाहावी. पाहुणा कदाचित येईल, कदाचित येणार नाही. आला तर त्याला जाऊ द्यावे. पुढच्या बागेतही त्याची कोणीतरी वाट पाहत असेल.